आधी चौकशी, मग शिक्षा
तुटलेला टायमिंग बेल्ट आणि इंजिनाच्या दुरुस्तीचा निर्णय

(आनेकल परिसरात राहणाऱ्या मराठी रेल्वे व टपाल कामगारांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)

आजचा विषय पगारवाढीचा नाही, पेन्शनचाही नाही. तरी तो आपल्या खिशाशी निगडित आहे. बंगळूर शहरात घर परवडत नाही म्हणून आपल्यापैकी बरेच जण आनेकल, चंदापुरा, अत्तिबेले या बाजूला राहायला आले. पाळीची ड्यूटी रात्री दोनला सुटते तेव्हा बस नसते. म्हणून पतपेढीचे कर्ज काढून जुनी मोटार घेतली जाते. ती गाडी चैनीची वस्तू नाही. ती बंद पडली की ड्यूटी चुकते, घरातले आजारपण अडते, आणि कर्जाचा हप्ता मात्र चालूच राहतो.

आमच्या एका साथीदारावर हाच प्रसंग आला. होसूर रस्त्यावर अत्तिबेलेच्या अलीकडे त्याची चालती गाडी एकाएकी बंद पडली. ना आवाज, ना धूर. इंजिन बंद पडताच स्टिअरिंग जड झाले. एकदोनदा दाबल्यावर ब्रेकही दगडासारखा घट्ट झाला, कारण ब्रेकला मिळणारी मदत इंजिनाच्या ओढीवर चालते. मागून ट्रक येत होते. त्याने घाबरून न जाता इंडिकेटर दिला, पाय जोरात दाबून धरला आणि गाडी कडेला घेतली. पहिला धडा हाच. अशा वेळी किल्ली पुन्हा पुन्हा फिरवत बसू नये, आधी गाडी आणि माणसे रस्त्यावरून बाजूला करावीत.

गाडी ओढून गॅरेजला नेली. टायमिंग बेल्ट तुटला होता. पाच मिनिटांत निकाल मिळाला : "इंजिन गेले. फुल इंजिन काम, सत्तर हजार." दुसऱ्या गॅरेजने सांगितले : "नवा बेल्ट टाकू, सेल्फ मारू, चालू झाली तर झाली." एकाने चौकशीविना फाशी सुनावली, दुसऱ्याने चौकशीविना निर्दोष सोडले. आपण कामगार आहोत. आरोपपत्र, चौकशी, मग निर्णय, हा क्रम आपण स्वतःसाठी मागतो. इंजिनालाही तोच लावावा, एवढेच आज आम्हाला सांगायचे आहे.

बेल्ट करतो काय?

इंजिनात खाली क्रँक फिरतो, तो पिस्टन वरखाली करतो. वर हेडमध्ये कॅम फिरतो, तो व्हॉल्व्ह उघडतो आणि मिटतो. क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमची एक फेरी झालीच पाहिजे, आणि तीही नेमक्या दातावर. हा मेळ राखतो टायमिंग बेल्ट. तो रबराचा असतो, आत काचतंतूंच्या दोऱ्या असतात. आपल्या डिझेल शेडमधल्या अल्को इंजिनांत हेच काम लोखंडी गिअर करतात. अ‍ॅम्बेसेडर आणि प्रीमियर पद्मिनीत चेन होती. मारुती ८००, पहिली सँट्रो, डिझेलची इंडिका यांत बेल्ट आला. पुढे मारुतीच्या के-सिरीज इंजिनांत पुन्हा चेन आली. तेव्हा आपल्या गाडीत काय आहे, हे आधी गाडीच्या पुस्तकात पाहावे.

बेल्ट तुटला की कॅम जागच्या जागी थांबतो. क्रँक मात्र गाडीच्या वेगाने आणखी काही फेऱ्या मारतो. त्या क्षणी काही व्हॉल्व्ह उघडे राहिलेले असतात. पुढे काय होते ते इंजिनाच्या रचनेवर ठरते. काही इंजिनांत उघडा व्हॉल्व्ह आणि वर आलेला पिस्टन यांच्यात अंतर राहते. तिथे काही वाकत नाही, नवा बेल्ट लावून काम भागते. इतर इंजिनांत दोघे एकाच जागेत येतात. तिथे पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो आणि व्हॉल्व्हची दांडी वाकते. मोटारींच्या डिझेल इंजिनांत दाब फार लागतो, म्हणून वर मोकळी जागा जवळजवळ नसतेच. त्यामुळे तिथे टक्कर झाली असे धरूनच चालावे.

चौकशीचा क्रम

आमच्यात डिझेल शेडचे फिटर आहेत. बंद पडलेले इंजिन शेडमध्ये आले की आधी ते हाताने बारिंग करून फिरवतात, मग क्रँकिंग. आत पाणी साचले असेल, काही अडकले असेल, तर हाताला कळते. सेल्फला कळत नाही, तो मोडूनच दाखवतो. मोटारीलाही हाच नियम लावावा.

पहिली पायरी : सेल्फ मारू नये, धक्का तर मुळीच देऊ नये. बेल्ट तुटलेल्या गाडीचा सेल्फ नेहमीपेक्षा हलका, एकसारखा, सरसर फिरतो, कारण दाब तयार होत नाही. हा आवाज एकदा ऐकला तेवढा पुरे. वरचे झाकण काढले की बेल्ट डोळ्यांनी दिसतो.

दुसरी पायरी : बेल्ट का तुटला ते शोधावे. हे सगळेच विसरतात. वय झाले म्हणून तुटला की कॅम किंवा क्रँकच्या सीलमधून तेल गळून रबर फुगले? टेन्शनरची बेअरिंग खरखरते का? पुष्कळ गाड्यांत वॉटर पंपही याच बेल्टवर फिरतो. तो जाम झाला तर बेल्टचे दात सोलून निघतात. कारण तसेच ठेवून नवा बेल्ट लावला तर तोही तुटेल, आणि त्या वेळी दोष नव्या बेल्टवर येईल.

तिसरी पायरी : व्हॉल्व्हची परीक्षा. यासाठी हेड उतरवावे लागत नाही. रॉकर सैल करून किंवा कॅम काढून सगळे व्हॉल्व्ह मिटवावेत. स्पार्क प्लग काढावेत. क्रँक पान्याने हळू फिरवावा आणि कुठे अडला तर तिथेच थांबावे, जोर करू नये. मग एकेका सिलिंडरमध्ये प्लगच्या भोकातून हवेचा दाब द्यावा. त्या वेळी क्रँकवर पाना ठेवू नये, कारण हवेने इंजिन फिरले तर हात जातो. आता कान लावावा. हवा इनटेककडून फुसफुसली तर आत घेणारा व्हॉल्व्ह वाकला. सायलेन्सरकडून आली तर बाहेर सोडणारा वाकला. ऑइलच्या झाकणातून आली तर रिंगा किंवा पिस्टन. रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट. चार आवाज, चार वेगळे निकाल. हल्ली मोबाइलला जोडायचा बारीक कॅमेराही मिळतो. तो प्लगच्या भोकातून सोडला की पिस्टनच्या डोक्यावर अर्धचंद्रासारखी खूण उमटली आहे का, ते दिसते.

आमच्या साथीदाराच्या गाडीची अशी परीक्षा एका कन्नड मिस्त्रीने केली. भाषेची अडचण आली नाही. हेड, बेल्ट, पंप, प्लग हे शब्द दोघांचेही होते. चारपैकी दोन सिलिंडर निर्दोष निघाले. एकातून इनटेककडे, दुसऱ्यातून सायलेन्सरकडे हवा सुटली. ऑइलच्या झाकणातून काहीच नाही, म्हणजे खालचे अर्धे इंजिन शाबूत. वॉटर पंपाची बेअरिंग मात्र ढिली होती आणि भोवती पाण्याचे पांढरे डाग होते. आरोपी सापडला.

निर्णयाच्या चार वाटा

पहिली वाट, फक्त बेल्ट. सगळ्या सिलिंडरांनी दाब धरला तरच. पण नुसता बेल्ट कधी घेऊ नये. टेन्शनर, सील आणि पंप त्याच मजुरीत बदलून घ्यावेत, कारण ते उघडण्याचे कष्ट दुसऱ्यांदा तेवढेच पडतात.

दुसरी वाट, हेडचे काम, म्हणजे गॅरेजच्या भाषेत हाफ इंजिन. व्हॉल्व्ह वाकले आहेत पण खालचा भाग ठीक आहे, तेव्हा ही वाट. वाकलेला व्हॉल्व्ह ठोकून सरळ करू देऊ नये. त्याची दांडी आतून दुबळी झालेली असते. पुढे त्याचे डोके तुटून सिलिंडरमध्ये पडले तर खरोखरच फुल इंजिन जाते. हेड उतरल्यावर व्हॉल्व्हचे गाइड, कॅम, हेडचा सपाटपणा आणि पिस्टनची डोकी पाहावीत. पुसटशी खूण चालते, तडा चालत नाही. नवे व्हॉल्व्ह घासून बसवल्यावर हेड उलटे ठेवून वरच्या खळग्यात रॉकेल ओतावे. थोड्या वेळाने पोर्टमधून पाझर आला तर काम अपुरे आहे. कंपनीने नवे हेड बोल्ट सांगितले असतील तर जुने पुन्हा आवळू नयेत. शेवटी खुणा जुळवून क्रँक हाताने पूर्ण दोन फेऱ्या फिरवावा, खुणा पुन्हा जुळल्या की मगच सेल्फ.

तिसरी वाट, जुने इंजिन आणून बसवणे. बंगळूरला जे. सी. रोड आणि शिवाजीनगर, मुंबईला कुर्ला, असे बाजार आहेत. पिस्टन फुटला, सिलिंडरला ओरखडे गेले, किंवा गाडी आधीपासूनच तेल पीत होती, तर ही वाट विचारात घ्यावी. पण त्या इंजिनाचा इतिहास आपल्याला ठाऊक नसतो. त्यातला बेल्ट किती जुना, हेही नाही. म्हणून बसवण्याआधीच त्यात नवा बेल्ट टाकावा. शिवाय इंजिनाचा क्रमांक आर. सी. बुकात असतो. इंजिन बदलले की आर. टी. ओ.कडे नोंद करावी लागते, आणि त्यासाठी खरेदीची पक्की पावती हवी. पावती देत नसेल त्याच्याकडून स्वस्तातलेही घेऊ नये.

चौथी वाट, गाडी सोडून देणे. हीही वाट आहे, लाज वाटायचे कारण नाही. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे ५-५ वर्षांनी नूतनीकरण. ते जवळ आले असेल, पत्रा कुजला असेल, तर दुरुस्तीचा खर्च आणि दुरुस्त गाडीची किंमत शेजारी शेजारी लिहावी. "आजवर इतके घातले, आता कसे सोडू" हा हिशेब नव्हे. घातलेले गेले, पुढचे वाचवायचे आहेत.

आणि एक गैरसमज काढून टाकावा. विमा हा खर्च देत नाही. मोटार विम्याच्या नेहमीच्या पॉलिसीत यांत्रिक बिघाड वगळलेला असतो.

मजुरीचा प्रश्न

साथीहो, पहिल्या गॅरेजला आम्ही लुटारू म्हणत नाही. विचार करा, तपासणीचे दोन तास त्याला कोण देतो? आपण म्हणतो, "नुसते बघा आणि सांगा", आणि बघण्याचे पैसे देत नाही. मग तो माणूस आपली भाकरी सुट्या भागांच्या नफ्यातून काढतो. मोठे काम सांगण्यात त्याची सोय असते, आणि उद्या काही बिघडले तर अंगावर येणार नाही हीही खात्री असते. चालकाचा, फिटरचा, सॉर्टरचा प्रत्येक तास मोजला जावा म्हणून आपण लढतो. मग मिस्त्रीच्या डोक्याचा तास फुकट कसा मागतो?

म्हणून आमची सूचना अशी. तपासणीची मजुरी वेगळी ठरवावी, आधीच द्यावी, दुरुस्ती त्याच्याकडे केली नाही तरी द्यावी. निष्कर्ष कागदावर घ्यावा : कोणता सिलिंडर, कुठून हवा, बेल्ट तुटण्याचे कारण काय. हेड उतरल्यावर वाकलेले व्हॉल्व्ह स्वतः हातात घेऊन पाहावेत आणि जुने भाग परत मागावेत. नव्या भागांचे खोके ठेवावेत. पक्के बिल घ्यावे. काम वाईट निघाले तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ आहे. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला जिल्हा आयोगात शुल्क लागत नाही. पण बिल नसेल तर तिथे दाखवणार काय?

आमच्या साथीदाराने दुसरी वाट धरली. हेडमध्ये चार व्हॉल्व्ह वाकलेले निघाले, पिस्टनवर पुसट खुणा. व्हॉल्व्ह, सील, गॅस्केट, बेल्ट, टेन्शनर, पंप, लेथचे काम आणि मजुरी मिळून साडेसत्तावीस हजार झाले. तपासणीचे बाराशे वेगळे. ते बाराशे देताना त्याचा हात अडखळला होता, हे तोच सांगतो. त्याच बाराशेंनी त्याचे चाळीस हजारांहून अधिक वाचवले. सहा दिवस तो दोन बस बदलून ड्यूटीवर गेला, सातव्या दिवशी गाडी घेऊन आला.

शेवटी, या सगळ्यापेक्षा स्वस्त उपाय म्हणजे बेल्ट वेळेवर बदलणे. पुस्तकात किलोमीटर आणि वर्षे अशा दोन मुदती असतात. जी आधी भरेल ती खरी, कारण उभ्या गाडीतही रबर म्हातारे होते. जुनी गाडी घेताना बेल्ट बदलल्याची नोंद मिळाली नाही तर तो बदललेला नाही असेच समजावे. बदलल्यावर तारीख आणि किलोमीटर रंगाने बॉनेटच्या आत लिहून ठेवावेत. आपल्या शेडमध्ये प्रत्येक इंजिनाच्या शेड्यूलची नोंद असते, टपालात प्रत्येक थैलीची असते. घरच्या गाडीची वहीही त्यांच्याच शिस्तीने ठेवा.

आज घरी गेल्यावर आपली वही उघडून पाहा. ज्यांच्याकडे वही नाही, त्यांनी उद्या सकाळी बॉनेट उघडावे.