कामगाराच्या मनाचे माप

गिरणीच्या हवेतील कापसाची धूळ मोजता येते, यंत्रांचा गोंगाट मोजता येतो. कामगाराच्या मनावरील भार मात्र मोजता येत नाही, असे मालकवर्ग कित्येक दशके म्हणत आला. अलीकडे हा सूर पालटला आहे. मोठ्या कंपन्या आता आपणहून कर्मचाऱ्यांपुढे प्रश्नावली ठेवतात. झोप नीट लागते काय, कामात उत्साह वाटतो काय, चित्त उदास असते काय? उत्तरांची सरासरी निघते आणि तो आकडा वार्षिक अहवालात, नफ्याच्या आकड्यापासून थोड्या अंतरावर, विराजमान होतो.

श्रमिकांच्या चळवळीने मोजमापाला भिण्याचे कारण नाही. कामाचे तास मोजा, ही तर तिचीच जुनी मागणी. पण कापड मोजणारा गज कोणाच्या हातात आहे हे शहाणे गिऱ्हाईक पाहून घेते. तेवढी सावधगिरी येथेही हवी.

मोठ्या साहेबाच्या डोक्यावर मोठी जबाबदारी, म्हणून हृदयविकार त्याचा, अशी एक रूढ समजूत होती. लंडनच्या सरकारी कचेऱ्यांनी ती मोडीत काढली. १९६७ साली सुरू झालेल्या व्हाइटहॉल पाहणीत सुमारे १८ हजार पुरुष नोकरांची नोंद घेतली गेली, तेव्हा उलटेच दिसले: हुद्दा जितका खालचा, तितके मृत्यूचे प्रमाण अधिक. धूम्रपान व रक्तदाब हिशेबात धरूनही हा फरक पुरता मिटेना. ही माणसे उपाशी नव्हती, बेकार नव्हती. मग १९८५ साली मायकेल मार्मट यांच्या नेतृत्वाखाली १०,३०८ स्त्रीपुरुष कर्मचाऱ्यांची दुसरी पाहणी सुरू झाली, आणि तीत विचारणा झाली ती कामाविषयीच. काम कोणत्या क्रमाने व कोणत्या गतीने करावयाचे, हे ठरविण्यात तुमचा वाटा किती? ज्यांचा वाटा अल्प, त्यांच्यात पुढे हृदयविकार अधिक आढळला.

प्रश्नातील हा फरक किरकोळ नव्हे. ‘तुम्हांला थकवा येतो काय’ या प्रश्नाचे उत्तर कर्मचाऱ्याला योगवर्गाकडे धाडते. ‘विश्रांती केव्हा घ्यावी हे कोण ठरवितो’ या प्रश्नाचे उत्तर व्यवस्थापकाला पाळ्यांच्या तक्त्यापाशी आणून उभे करते. पहिला मार्ग स्वस्त, म्हणून लोकप्रिय. त्याचे फळ काय, हे ब्रिटनमधील २३३ संस्थांतील ४६,३३६ कर्मचाऱ्यांच्या माहितीवरून विल्यम फ्लेमिंग यांनी तपासले. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार ध्यानधारणेचे, कणखरपणाचे वगैरे वर्ग करणारे कर्मचारी ते न करणाऱ्यांपेक्षा अधिक सुस्थितीत आढळले नाहीत. (ही योगाभ्यासाची निंदा नव्हे, प्राणायामाने पाळ्यांचा तक्ता बदलत नाही, इतकेच.)

गज कोणाच्या हाती, हा प्रश्न किती जिवावरचा असू शकतो ते फ्रान्सने पाहिले. फ्रान्स टेलिकॉम ही पूर्वीची सरकारी संस्था. खाजगीकरणानंतर, २००६ ते २००८ या काळात, सुमारे १ लाख २० हजारांपैकी २२ हजार नोकर कमी करण्याचे तिने ठरविले. बहुतेकांना सरकारी नोकराचे संरक्षण असल्याने त्यांना काढता येईना; तेव्हा त्यांनी स्वतःच निघून जावे अशी परिस्थिती निर्माण करण्यात आली. बदल्यांमागून बदल्या, कामात फेरफार, गाठता न येणारी उद्दिष्टे. २००७ साली तेथील दोन कामगार संघटनांनी ताण आणि सक्तीच्या बदल्या यांची पाहणी करणारी स्वतःची यंत्रणा उभारली व सहकाऱ्यांना प्रश्नावली पाठविली. व्यवस्थापनाने काय केले? कचेरीतील संगणकांवरून त्या यंत्रणेच्या संकेतस्थळाकडे जाण्याची वाट बंद केली. ताण मोजता येत नाही म्हणून नव्हे, तो मोजला जाऊ लागला म्हणून.

पुढे आत्महत्यांमुळे देश हादरला, तेव्हा २००९ साली बाहेरच्या तज्ज्ञांकडून पाहणी करणे भाग पडले आणि सुमारे ८० हजार कर्मचाऱ्यांनी उत्तरे भरून दिली. डिसेंबर २०१९ मध्ये पॅरिसच्या न्यायालयाने कंपनीला व तिच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांना छळाबद्दल दोषी ठरविले. न्यायालयासमोर ३९ कर्मचाऱ्यांची प्रकरणे होती. त्यांतील १९ जणांनी जीव दिला होता. कंपनीला दंड झाला ७५ हजार युरो. कायद्यात त्याहून मोठा दंडच नव्हता! जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माजी अधिकाऱ्यांची अपिले फेटाळली, आणि धोरण म्हणून केलेला छळ हाही गुन्हाच, हे तत्त्व कायम झाले.

जपानने डिसेंबर २०१५ पासून ५० वा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांत दरवर्षी ताणतपासणी सक्तीची केली. निकाल थेट कामगाराला मिळतो. त्याच्या संमतीवाचून मालकाला तो पाहता येत नाही. ही तरतूद अनुकरणीय आहे. तथापि, डॉक्टरांची भेट हवी असल्यास अर्ज मालकाकडेच करावा लागतो, म्हणजे झाकली मूठ उघडलीच. शिवाय विभागवार निकालांवरून कामाची स्थिती सुधारणे हे बंधन नसून केवळ प्रयत्नाचे कर्तव्य मानले गेले.

या साऱ्या चर्चेत अर्थशास्त्राचा आधार मोठ्या उत्साहाने घेतला जातो. जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२२ साली सांगितले की, नैराश्य व चिंता यांपायी जगात दरवर्षी १,२०० कोटी कामाचे दिवस वाया जातात आणि उत्पादकतेचे नुकसान एक लाख कोटी डॉलर होते. आकडा उपयुक्त आहे, पण तो दुधारी आहे. भयाने उत्पादन वाढते असे उद्या कोणी सिद्ध केले, तर भय समर्थनीय ठरेल काय? आठ तासांचा दिवस केवळ उत्पादन वाढावे म्हणून मागितला गेला नव्हता.

आपल्याकडे तर बहुसंख्य श्रमिक कोणत्याच प्रश्नावलीत बसत नाहीत. घरोघरी जेवण पोचविणाऱ्या मुलाचे प्रत्येक मिनिट त्याच्या खिशातला फोन मोजतो. त्याला झोप लागते की नाही, हे विचारणारा कोणी नाही. जेथे संघटना आहे तेथे मात्र काम आजच सुरू करता येईल. भोपाळनंतर, १९८७ साली, कारखाना कायद्यात धोकादायक उद्योगांसाठी सुरक्षा समितीची तरतूद झाली, तेव्हा तीत कामगारांचे व व्यवस्थापनाचे प्रतिनिधी समसमान असावेत असे ठरले होते. ताणाच्या पाहणीलाही तीच कसोटी लावावी. प्रश्न दोघांनी मिळून लिहावेत, उत्तरपत्रिकेवर नाव नसावे, चार-पाच माणसांच्या विभागाचा निकाल वेगळा काढू नये, कारण तेथे कोणी काय लिहिले हे ओळखू येते. आणि बाकीचे विभागवार निकाल संचालकांच्या टेबलावर जातील त्याच दिवशी ते हजेरीपटाशेजारच्या फलकावर लागावेत.