लाखाहून अधिक तोंडे पाहिलेला दंतवैद्य

दात दुखायला लागला की आपण दवाखान्याची पायरी चढतो. डॉ. फली मेहता मात्र ज्यांचे काहीच दुखत नव्हते अशांच्या दारात गेले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत दंतसंशोधनाचा एक छोटा विभाग होता. मेहता त्याचे प्रमुख.

तंबाखूने तोंडाचा कॅन्सर होतो, हे इस्पितळातले डॉक्टर आधीपासून सांगत होते. पण इस्पितळात येतो तो रोगी. गावात तंबाखू खाणारे किती, त्यांच्यापैकी कितीजणांच्या तोंडात पांढरा चट्टा उठतो, त्या चट्ट्याचे पुढे काय होते, हे इस्पितळात बसून कसे कळणार? म्हणून मेहता आणि कोपनहेगनचे डॉ. येन्स पिंडबोर्ग यांनी दंतवैद्यांची पथके खेड्यांत धाडली. एर्नाकुलम, श्रीकाकुलम, भावनगर, सिंगभूम आणि दरभंगा या पाच जिल्ह्यांत 50,915 माणसांची तोंडे घरोघर जाऊन पाहिली. तो अहवाल 1969 साली प्रसिद्ध झाला. श्रीकाकुलमकडे चुट्टा, म्हणजे तंबाखूच्या पानांची जाड विडी, ओढतात ती पेटते टोक तोंडात धरून. बायकाही ओढतात. निखाऱ्याची धग थेट टाळूला लागते, आणि तिथला कॅन्सर टाळूवरच होताना दिसला. इतरत्र चुना मळलेली तंबाखू गालात किंवा ओठाआड धरतात, तिथे चट्टा त्याच जागी. सवय बदलली की रोगाची जागा बदलते!

मग पथके आपल्या पुणे जिल्ह्यात आली. 1972 साली छापलेल्या अहवालात तपासलेल्या माणसांचा आकडा आहे 1,01,761. सकाळी मिश्री लावणाऱ्या आपल्या आया-आज्या त्यात आहेत. मिश्रीला आपण दात घासणेच समजत आलो. ती तंबाखूच आहे, हे त्या नोंदींत स्पष्ट लिहिलेले आहे.

पहिल्या पाहणीतल्या पाचपैकी काही जिल्ह्यांत तीच माणसे दहा वर्षे पुन्हा पुन्हा तपासली गेली. नवे कॅन्सर जवळजवळ सगळे तंबाखूवाल्यांनाच झाले, आणि बहुतेकांच्या तोंडात आधी चट्टा किंवा तसेच काही दिसलेले होते. रोग सांगून येतो, हे त्यातून सिद्ध झाले. माझ्या मते मात्र मोठे काम त्यानंतरचे. केवळ मोजून न थांबता तंबाखू खाणाऱ्या-ओढणाऱ्या 36,000 जणांना ती सोडायला सांगण्याचा प्रयोग झाला. दंतवैद्य समोरासमोर समजावत. जोडीला चित्रपट, लोकनाट्ये आणि आपला हा रेडिओही होता. सगळ्यांची सवय सुटली नाही. पण नवे चट्टे उठण्याचे प्रमाण घटले, आणि 1986 साली ‘लॅन्सेट’ने ते जगापुढे मांडले. शस्त्रक्रियेवाचून, नुसत्या सांगण्याने रोगाची वाट अडवता येते, याचा हा पुरावा होता.

श्रोतेहो, घरात कुणी तंबाखू खात असेल, मिश्री लावत असेल, तर उजेडात त्यांचे तोंड पाहा. न पुसला जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, तोंड पूर्ण न उघडणे, यांतले काही दिसले तर दुखण्याची वाट पाहू नका. या आठवड्यातच त्यांना दंतवैद्याकडे घेऊन जा.