कप्तान ब्रिग्ज : घरच्या कागदांतून



'मेरी सेलेस्ट' या जहाजाची गोष्ट आपल्यापैकी पुष्कळांनी शाळकरी वयात केव्हा तरी वाचली असेल. भर समुद्रात शिडे उभारलेले जहाज आपल्याच नादात चालले आहे, वर चिटपाखरूही नाही, आणि टेबलावर चहाचे पेले अजून वाफाळताहेत. चहाचे पेले कोणाही साक्षीदाराने पाहिले नव्हते, ती मागाहूनची भर. परंतु मला आज जहाजाविषयी फारसे बोलायचे नाही. त्या जहाजाचा कप्तान बेंजामिन स्पूनर ब्रिग्ज याच्याविषयी बोलायचे आहे. जहाज जगप्रसिद्ध झाले आणि कप्तानाची मात्र अब्रू गेली. कोणी त्याला खुनी ठरवले, कोणी धर्मवेडा, तर कोणी पैशासाठी कट करणारा लबाड. हा मनुष्य खरोखर कसा होता, हे कोर्टाच्या कागदांपेक्षा त्याच्या घरच्या कागदांवरून अधिक कळते.

आपल्याकडे कुलवृत्तांत छापण्याची चाल आहे. त्यात जन्म, विवाह, मृत्यू, वंशवेल सारे असते. माणूस मात्र बहुधा हाती लागत नाही. ब्रिग्ज घराण्याची गोष्ट निराळी झाली. या घरातली पत्रे जपली गेली. बेंजामिन आणि त्याची पत्नी या दोघांचाही नातलग असलेल्या डॉ. ऑलिव्हर कॉब यांनी त्या घराच्या आठवणी लिहून ठेवल्या. पुढे चार्ल्स ईडी फे या चिकाटीच्या गृहस्थांनी पत्रे, कोर्टाच्या जबान्या आणि वकिलातीचे कागद शेजारी शेजारी ठेवून १९४२ साली एक ग्रंथ सिद्ध केला. आज मी सांगणार आहे त्यातले बहुतेक या कागदांच्याच आधाराने.

बेंजामिनचा जन्म १८३५ सालचा, अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात. त्याचा बाप नेथन ब्रिग्ज हाही कप्तानच. मॅरियन गावी 'रोझ कॉटेज' हे त्यांचे घर. नेथनला पाच मुलगे; त्यांपैकी एकच जमिनीवर राहिला, बाकीचे चौघे समुद्रावर गेले. आपल्या कोकणात एखादे घर पिढ्यान्‌पिढ्या नाखव्यांचे असते, तसलाच हा प्रकार. आणि समुद्राने या घराकडून वसुलीही तशीच केली. बेंजामिनची एक बहीण जहाजबुडीत गेली, दोन भाऊ पीतज्वराने गेले. म्हाताऱ्या नेथनला समुद्राने सोडले, तर १८७० साली स्वतःच्या घराच्या दारातच त्याच्यावर वीज पडली!

बेंजामिन दारूला न शिवणारा, नित्य बायबल वाचणारा आणि प्रार्थनासभेत उभा राहून बोलणारा मनुष्य होता. १८६२ साली त्याने नात्यातल्याच सेरा एलिझाबेथ कॉब हिच्याशी लग्न केले. ती धर्मोपदेशकाची मुलगी. लग्नानंतरची सहल म्हणजे नवऱ्याच्याच जहाजातून भूमध्य समुद्राची सफर. १८६५ साली आर्थर झाला, १८७० साली सोफिया. दुसरे मूल झाल्यावर बेंजामिनच्या मनात दर्यावर्दी जीवन सोडून धाकटा भाऊ ऑलिव्हर याच्याबरोबर जमिनीवर काही धंदा करावा, असे येऊ लागले. तोही या भटकंतीला कंटाळला होता. तो बेत सिद्धीस गेला नाही. दोघांनीही आपली शिल्लक जहाजांत घातली : ऑलिव्हरने 'जूलिया ए. हॅलॉक'मध्ये, बेंजामिनने 'मेरी सेलेस्ट'मध्ये. बेंजामिनचा हिस्सा एक तृतीयांश होता. ही एक तृतीयांशाची गोष्ट कृपा करून ध्यानात ठेवा.

१८७२ च्या शरदात जहाज न्यूयॉर्कला मद्यार्काची १,७०१ पिपे भरून इटलीतील जेनोआला निघण्याच्या तयारीत होते. पत्नी आणि दोन वर्षांची सोफिया यांना बरोबर घ्यायचे, सात वर्षांच्या आर्थरला शाळेसाठी आजीपाशी ठेवायचे, असे ठरले. ३ नोव्हेंबरला बेंजामिनने आईला पत्र लिहिले. या पत्रात रहस्य शोधणाऱ्यांची निराशाच होईल. जहाज झकास स्थितीत आहे, दुय्यम अधिकारी आणि भंडारी चांगले मिळाले आहेत, बायको नि मुलगी आल्यापासून केबिनीला घरपण आले आहे, असा मजकूर. त्या वर्षी न्यूयॉर्कमध्ये घोड्यांची साथ होती. त्यामुळे घोड्यांच्या ट्रामगाड्या बंद, आणि या जोडप्याला कोणाकडे भेटीला जाता येईना. खाजगी गाडी करावी तर भाडे परवडेना. एवढ्या मोठ्या जहाजाचा भागीदार गाडीभाड्याचा हिशेब करतो आहे! उधळ्या किंवा जुगारी वृत्तीचा मनुष्य आईला असले लिहीत नसतो.

दुसरे पत्र सेराचे, सासूबाईंना, ७ नोव्हेंबरचे. धक्का सोडला होता, पण वारा समोरून असल्यामुळे बंदराच्या तोंडाशीच नांगर टाकून थांबावे लागले होते. तेवढ्या सवडीत तिने ते लिहिले. नवऱ्याच्या मते खलाशी शांत दिसतात. आरंभ केला तसेच वागले तर ठीक. मात्र कामाला किती चलाख आहेत, ते अजून सांगता येत नाही. आता ती सोफीविषयी काय लिहिते ते ऐका. मुलीपाशी अक्षरांचे आणि आकड्यांचे लाकडी ठोकळे होते. इंग्रजी 'जी' आणि तिनाचा आकडा तिला एकच वाटत. त्यामुळे तिनाचा ठोकळा हातात धरून ती स्वतःशीच पुटपुटत होती : 'जी'वरून आजीचे नाव. मॅरियनला राहिलेल्या आजीला हे वाचून काय वाटले असेल, ते मी सांगायला नको. आर्थरसाठी निरोप होता : तुझ्या पत्रांवर माझी सारी भिस्त आहे, सफरीत जे जे घडेल, ते तुला सांगायचे म्हणून मी लक्षात ठेवीन.

यानंतरचे कागद घरचे नाहीत, म्हणून झपाट्याने सांगतो. ४ डिसेंबरला अझोर्स बेटे आणि पोर्तुगाल यांच्यामध्ये 'दे ग्रात्सिया' या जहाजाला 'मेरी सेलेस्ट' सापडले. दहाही माणसे नाहीशी झाली होती. पाटीवरची शेवटची नोंद २५ नोव्हेंबरच्या सकाळची, सांता मारिया बेटाजवळची. होडी नव्हती, सेक्स्टंट, क्रोनोमीटर आणि जहाजाचे कागद नव्हते. बाकी कपडे, सेराचे हार्मोनियम, सहा महिन्यांची शिधासामग्री जागच्या जागी. तळात साडेतीन फूट पाणी, एक पंप उघडलेला.

जिब्राल्टरच्या कोर्टात सॉली-फ्लड नावाचे सरकारी वकील होते. त्यांना खुनाखेरीज दुसरे काही दिसेना. खलाशी दारू पिऊन माजले आणि त्यांनी कप्तानाला कुटुंबासह मारले, असा त्यांचा सिद्धान्त. तलवारीवर रक्त आहे, हा पुरावा. तपासणीत ते रक्त ठरले नाही. पिपांतला मद्यार्कही पिण्याजोगा नव्हता. 'दे ग्रात्सिया'च्या लोकांना सुमारे सतराशे पौंड बक्षीस मिळाले, जहाज आणि माल यांच्या किमतीच्या एकपंचमांशाच्या आसपास. पण संशयाचा डाग तसाच राहिला. पुढे काहींनी उलट तर्क लढवला : ब्रिग्जनेच 'दे ग्रात्सिया'च्या कप्तानाशी संगनमत करून बक्षिसासाठी बनाव रचला. ज्याची सारी शिल्लक त्या जहाजात अडकली होती, तो दुसऱ्याला बक्षीस मिळावे म्हणून स्वतःचा हिस्सा उधळील काय? आणि मुलाला गावी ठेवून कायमचा बेपत्ता होईल काय? मघाशी एक तृतीयांश लक्षात ठेवायला सांगितले, ते याचसाठी.

मग लेखक आले. १८८४ सालच्या जानेवारीत शेरलॉक होम्सचा जनक कॉनन डॉइल याने, तेव्हा तो अगदी तरुण होता, लेखकाचे नाव न देता एक कथा छापली. जहाजाचे नाव 'मारी सेलेस्त' केले, कप्तानाचेही नाव बदलले, सर्वांचा घात करवला. कथा म्हणून ती उत्तम आहे, पण जिब्राल्टरचा अमेरिकन वकील तिच्यामुळे चक्रावला. १९१३ साली 'स्ट्रँड' मासिकात आणखी एका 'जिवंत राहिलेल्या'ची हकीगत आली. तिच्यात खलाशी इंग्रज. प्रत्यक्षात सातांपैकी चौघे जर्मन होते. कल्पनेला माझा विरोध नाही. पण ज्याची आई, भाऊ, मुलगा हयात आहेत, त्याच्याविषयी खरे म्हणून खोटे लिहिणे यात मला तरी विनोद दिसत नाही.

आता, हे सर्व घडले कसे? डॉ. कॉब यांना जे वाटले, ते मला सर्वांत पटते, आणि ते पटण्याचे कारण ही पत्रेच आहेत. जेनोआला माल उतरवला तेव्हा नऊ पिपे रिकामी निघाली. तळातून वाफा येऊ लागल्या असतील, स्फोटाची धास्ती पडली असेल. एकटा कप्तान कदाचित धोका पत्करता. पण केबिनीत ठोकळ्यांशी खेळणारी मुलगी होती. त्याने सर्वांना होडीत बसवले आणि शीड चढवण्याचा जाड दोर होडीला बांधून, जहाजामागून ओढत, धोका टळेपर्यंत थांबायचे ठरवले. तो दोर तुटलेला सापडला. वारा वाढला, दोर तुटला, शिडांसकट जहाज पुढे गेले आणि होडी मागे राहिली. हा तर्कच आहे, सिद्ध झालेली गोष्ट नव्हे. पण यात कोणालाही वेडा किंवा दुष्ट ठरवावे लागत नाही. सांता मारिया दृष्टीच्या टप्प्यात असताना सावध बापाने काय केले असते, एवढेच विचारायचे.

त्या घरी मात्र याहून वाईट दिवस आले. जिब्राल्टरची बातमी येऊन थोडेच दिवस झाले होते. १८७३ च्या जानेवारीत, बिस्केच्या उपसागरात, ऑलिव्हरचे 'जूलिया ए. हॅलॉक' बुडाले आणि ऑलिव्हरही गेला. 'रोझ कॉटेज'मध्ये आता आजी होती, आणि तिच्याजवळ शाळेसाठी ठेवलेला सात वर्षांचा आर्थर.