व्याही आले नाहीत म्हणून पंगत किती थांबवावी?



लिनक्स सर्व्हरांचा कारभार ज्यांच्या शिरावर आहे, त्यांना एफएसटॅब म्हणजे काय हे मी सांगावयास नको. परंतु दुसऱ्या यंत्रावरील एनएफएस स्टोरेज जोडून घेण्यासाठी त्यात आपण जी ओळ घाईघाईने लिहितो, तो सर्व्हरास दिलेला कायमचा हुकूम असतो, आणि त्या हुकमात गैरहजेरीची तजवीज नसेल, तर वीज जाऊन परत आल्यावर स्टोरेजच्या आधी उठलेला सर्व्हर त्याची प्रतीक्षा करीत खोळंबतो, हे मात्र वारंवार सांगावे लागते.

पाने वाढली आहेत, भात निवतो आहे, आणि एक व्याही आले नाहीत म्हणून यजमान कोणासही जेवू देत नाहीत, अशी ही पंगत! सिस्टिमडी सामान्यतः 90 सेकंद वाट पाहते. तोवर साध्या वापरकर्त्यांस लॉगिनदेखील मिळत नाही, कारण त्यांना आत घेणारी सेवा दूरच्या माउंटांच्या मागे रांगेत उभी असते.

पुष्कळांची समजूत अशी की त्या ओळीत ‘नेटडेव्ह’ हा पर्याय लिहिला म्हणजे भागले. नाही, महाराज! त्याने पाहुण्यांस रस्ता खुला होईपर्यंत थांबायचे एवढेच ठरते. ते आलेच नाहीत तर काय, याचे उत्तर ‘नोफेल’ देतो: आले तर आनंद, न आले तरी पंगत चालू द्या. त्याहून सोयीचा ‘ऑटोमाउंट’: पाट मांडून ठेवावा, आणि त्या डिरेक्टरीत कोणी प्रथम डोकावेल तेव्हाच बोलावणे धाडावे, सोबत ‘माउंट-टाइमआउट’ची मुदतही घालावी.

मात्र नुसत्या ‘नोफेल’वर विसंबून रात्रीचा बॅकअप सोडाल, तर व्याह्यांच्या रिकाम्या पाटापुढे वाढत राहिल्याप्रमाणे तो सर्व्हरच्या स्वतःच्या डिस्कवर साठत जाईल आणि ती तुडुंब भरेल, म्हणून बॅकअपने आधी ‘माउंटपॉइंट’ ही आज्ञा चालवून खातरजमा करावी.

चालू कामाच्या मध्येच स्टोरेज नाहीसे झाले तर ‘हार्ड’ माउंट अखंड वाट पाहते आणि ‘सॉफ्ट’ काही वेळाने हात टेकते, लिहिणे अर्धवट राहण्याची धास्ती त्यातूनच. पण तो निराळा विषय, आणि निवेदकांनी घड्याळाकडे बोट दाखविले आहे. तेव्हा पुन्हा एकवार, कंटाळलात तरी ऐका: ज्या माउंटावाचून सर्व्हरचे काही अडत नाही, त्या प्रत्येक ओळीत ‘नोफेल’ हवा, आणि तो घातल्यावर स्टोरेज मुद्दाम बंद ठेवून, भर दिवसा, सर्व्हर एकदा पुन्हा सुरू करून पाहावा.