गळाला न लागणारा बाप

मासेमारीची सहल म्हटली की टोप्या, कॅमेरे आणि आरडाओरडा डोळ्यांसमोर येतो. सिंधुदुर्गातल्या देवबागला अशी एक सकाळ मी घालवली. तिथे कळलेली गोष्ट तुम्हांला सांगायची आहे.

देवबाग म्हणजे कर्ली नदी आणि अरबी समुद्र यांच्यामधली वाळूची चिंचोळी पट्टी. आम्ही चौघे आणि तांडेल असे पहाटे साडेपाचला होडीतून निघालो. वेळ त्यांनीच ठरवली होती. तिथीची पाऊणपट केली की साधारण भरतीची वेळ मिळते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब. त्या दिवशी द्वादशी, म्हणजे नऊला पूर्ण भरती. चढत्या पाण्याबरोबर मासा खडपांकडे चरायला येतो.

साधने साधीच. रिळाला गुंडाळलेला तंगूस, शिशाचे वजन, गळ आणि आमिषाला कोळंबी. शिसे तळाला टेकले की हातभर वर घ्यायचे, पुढचे बोटांनी ओळखायचे. पहिला तासभर आमच्या कोळंब्या तेवढ्या गेल्या! मग एक तांबोशी आली. दोन गोबरे आले, पण वीतभरही नव्हते. तांडेलांनी ते अलगद सोडवून पाण्यात टाकले. 2023 साली राज्याने 54 जातींच्या माशांची किमान लांबी ठरवून दिली; तांडेल मात्र आपल्या वितीनेच मोजत होते.

त्यानंतर माझ्या दोरीला जोराचा हिसका बसला. शेंगटी! मी हात पुढे केला, तसे ते ओरडले, "हात लावू नकात. काटो लागलो तर रातभर नीज येवची नाय."

शेंगटीचा काटा विषारी असतो, हे पुष्कळांना ठाऊक असते. तिच्यातल्या बापाची गोष्ट कमी जणांना ठाऊक असते. मादीने घातलेली गोटीएवढी अंडी नर तोंडात घेतो आणि पिल्ले सुटी होईपर्यंत कित्येक आठवडे सांभाळतो. तेवढे दिवस त्याला उपास. साहजिकच आमिषाकडे तो फिरकत नाही. गळाला लागते ती खात असलेली शेंगटी.

जाळे मात्र हा भेद करत नाही. 1980च्या सुमारास कर्नाटकच्या किनाऱ्यावर पर्ससीन जाळ्यांत तोंडात अंडी धरलेल्या नरांचे थवेच्या थवे सापडले. शास्त्रज्ञांनी तेव्हाच इशारा दिला होता. महाराष्ट्रात पर्ससीनवर कडक निर्बंध आले ते 2016 साली. मधल्या काळात किती बाप अंड्यांसकट टोपलीत गेले असतील, कोण मोजणार?

नऊ वाजता पाणी थबकले, मासाही थांबला. चौघांत मिळून पाच मासे. तांडेलांना त्याचे काही नव्हते. भाडे माणशी ठरलेले, माशांवर नाही. परतताना मी विचारले, मुलगा हाच धंदा करतो का?

"नाय. पर्ससीनवर खलाशी आसा," ते म्हणाले. "पगार म्हयन्याच्या म्हयन्याक गावता." आणि त्यांनी होडीचे तोंड खाडीकडे वळवले.