खोलीत मावणारी आगगाडी



वसंत व्याख्यानमालेत साहित्य, राजकारण, अध्यात्म यांवर बोलायचे असते. आम्ही मात्र खेळण्यातल्या आगगाडीवर बोलणार आहोत. 'खेळण्यातली' हा शब्द मुद्दाम वापरला. पन्नाशी उलटलेला गृहस्थ माळ्यावरची जुनी पेटी खाली काढू लागला, की घरात हाच शब्द प्रथम ऐकू येतो. शाळेत लागलेला हा नाद संसारात सुटतो आणि मुले मार्गी लागली की परत येतो. पुण्याच्या भाऊसाहेब जोशींचा नाद इतका वाढला की त्यातून कोथरूडला छोट्या रेल्वेचे संग्रहालय उभे राहिले आणि १९९८ साली ते लोकांस खुले झाले. पण आपल्यापाशी आहे ती दहा बाय बाराची खोली, आणि तीही घरच्यांकडून मागून घेतलेली. तीत मांडायचे काय?

खानदेशातला मनुष्य म्हणणार, भुसावळ! पण जरा हिशेब करू. या छंदातले सर्वांत रुळलेले माप एच. ओ.; त्यात खरी वस्तू ८७ पटींनी लहान होते. साडेपाच फुटी माणूस दोन सेंटिमीटरांहून थोडा कमी भरतो. चोवीस मीटरचा डबा सुमारे साडेसत्तावीस सेंटिमीटर, आणि अशा चोवीस डब्यांची गाडी साडेसहा मीटरांच्या वर, म्हणजे जवळजवळ बावीस फूट. इंजिन स्वयंपाकघरात पोचले तरी गार्डाचा डबा दिवाणखान्यातच! आठ डब्यांवर भागवले, तर ते भुसावळ राहत नाही.

दुसरी अडचण रुळांची. बाजारात मिळणारे एच. ओ. रूळ साडेसोळा मिलिमीटर अंतराचे. ८७ ने गुणले म्हणजे १४३५ मिलिमीटर येतात. हे युरोप-अमेरिकेचे अंतर. आपली मोठी लाइन १६७६ मिलिमीटरची. म्हणजे भारतीय गाडी त्या रुळांवर ठेवली की खरे साडेनऊ इंच चोरीला जातात आणि गाडी अरुंद पायांवर उभी राहिल्यासारखी दिसते. पुष्कळजण तिकडे काणाडोळा करतात. करावा, छंद आहे, न्यायालय नव्हे. तथापि आपल्याच जिल्ह्यात अशी एक गाडी होती, की जिच्यासाठी ही तडजोड जवळजवळ लागतच नाही.

ती म्हणजे पाचोरा–जामनेर, आपली पी. जे. तिचे रूळ अडीच फुटी, म्हणजे ७६२ मिलिमीटर. त्यांस ८७ ने भागले तर पावणेनऊ येतात. आणि याहून लहान अशा 'एन' मापाचे रूळ बाजारात मिळतात ते नऊ मिलिमीटरचे! त्या मापाचा चालता सांगाडा घ्यावा आणि वर पुठ्ठ्याचे अंग घरी करावे. गाडी चार-सहा डब्यांची, वळणे आखूड चालतात, फळीही अरुंद पुरते.

तरीही सगळा मार्ग घरात येत नाही. छप्पन्न किलोमीटरचे ८७ पटींनी सुमारे ६४४ मीटर होतात, आणि आपल्या चार भिंती मिळून चव्वेचाळीस फूट. तेव्हा पाचोरा, मधले एखादे पहूर नाहीतर शेंदुर्णी, आणि जामनेर, एवढेच घ्यावे. मधला मुलूख कपाशीच्या दोन शेतांत उरकावा. शेवटच्या स्टेशनाला मात्र जागेची कंजुषी नको. तेथे इंजिन सुटते, बाजूच्या रुळाने फिरून दुसऱ्या टोकास लागते. सांधे बदलण्याची सारी मौज तेथेच. धुळेकरांनी नाराज होऊ नये. चाळीसगावहून १९०० साली धुळ्याला आलेला फाटाही तेथेच संपतो आणि तीच मौज देतो. फक्त साडेनऊ इंचांची चोरी पत्करावी लागते.

विलायती पुस्तके आपल्या उन्हाळ्याविषयी काही सांगत नाहीत. पौषात दहा अंश आणि वैशाखात पंचेचाळीस. एवढ्या फरकात धातूचा रूळ मीटरमागे अर्ध्या मिलिमीटरहून अधिक वाढतो. थंडीत रूळ घट्ट भिडवून बसवले, तर मे महिन्यात मार्ग सापासारखा वळतो. म्हणून जोडावर फट ठेवावी. वीज रुळातूनच चाकात जाते, तेव्हा धूळ रोज पुसावी. वाळवीसाठी फळी जमिनीपासून व भिंतीपासून सुटी ठेवावी.

राहिला प्रश्न सालाचा. वाफेचे इंजिन हवे की डिझेलचे? दोन्ही एका फलाटावर उभी करणे आमच्या मते बरे नव्हे. आणि इथेच घाई करावी लागणार आहे. ही गाडी २०२० च्या टाळेबंदीत थांबली ती पुन्हा सुटली नाही, आणि त्या जागी मोठी लाइन घालण्याचे ठरले. यापुढे माप घ्यायला जावे, तर तेथे दुसरेच काही उभे असेल. इंजिनाची छायाचित्रे शोधली तर मिळतात. पण तिकिटाची खिडकी किती उंच होती, पाण्याचा नळ कोणीकडे होता, कडुनिंब फलाटाच्या कोणत्या टोकाला होता, हे छायाचित्र काढणाऱ्याने टिपलेले नसते. ते गाडीने रोज गेलेल्यांस ठाऊक. तुमच्यांत जामनेर, पहूर, शेंदुर्णी, वरखेडीकडची मंडळी असतीलच. सभा संपल्यावर त्यांनी थोडे थांबावे. आम्ही वही आणि पेन्सिल बरोबर आणली आहे.