जुळलेल्या आकड्याची चौकशी



दीक्षान्त समारंभात पाहुण्याने स्वप्नांविषयी बोलायचे असते. मी मोटारीच्या मागच्या काचेविषयी बोलणार आहे. आज अभियंता झालेल्या तुमच्यापैकी काही जण लवकरच चाकण-हिंजवडीत सीएफडीच्या, म्हणजे हवेचा प्रवाह संगणकावर सोडवण्याच्या, कामाला लागतील. तिथे हवेच्या खळबळीचा अंदाज बांधणाऱ्या समीकरणांबद्दल वरिष्ठ विचारतील, "टर्ब्युलन्स मॉडेल कोणतं घेतलंस?" याचे उत्तर पुष्कळदा "सर, डिफॉल्ट" असे येते. त्या उत्तराबद्दल थोडे बोलतो.

१९८४ मध्ये अहमद आणि त्यांच्या जर्मनीतल्या सहकाऱ्यांनी एका ठोकळ्यावरचे प्रयोग प्रसिद्ध केले. ठोकळा जेमतेम एक मीटर लांब. चाके नाहीत, आरसे नाहीत. पुढून गोलसर आणि मागे उतरती पाठ, हॅचबॅक गाडीच्या मागच्या काचेसारखी. या पाठीचा कोन त्यांनी बदलत नेला. ३० अंशांच्या आसपास हवेचा रोध शिगेला पोचला आणि त्यापुढे एकदम कोसळला. कारण बघण्यासारखे आहे. २५ अंशांच्या पाठीवर हवा वरच्या कडेला सुटते, खाली उतरताना पुन्हा पाठीला येऊन चिकटते, आणि दोन्ही बाजूंच्या कडांवरून जोरकस भोवरे गुंडाळले जातात. ते पाठीवरचा दाब खाली ठेवतात, म्हणजे गाडीला मागे ओढतात. ३५ अंशांवर हवा परत येतच नाही, भोवरे दुबळे पडतात आणि रोध उतरतो.

आता हेच संगणकावर करून बघा. ३५ अंशांवर नेहमीची मॉडेल्स बऱ्यापैकी निभावून नेतात. २५ वर मात्र गडबड होते. मेंटर यांचे १९९४ चे के-ओमेगा एसएसटी मॉडेल हवा कुठे सुटते ते सांगण्यात नावाजलेले. ते इथे बहुतेक वेळा सुटलेली हवा परत आणतच नाही. के-एप्सिलॉन घराण्याचा कल उलटा, हवा चिकटूनच ठेवण्याकडे. आणि गंमत अशी की एवढे होऊनही एकूण रोधाचा आकडा कधीकधी प्रयोगाशी झकास जुळतो. उतरत्या पाठीवरची चूक आणि उभ्या मागच्या भागावरची चूक एकमेकींना खाऊन टाकतात. रिव्ह्यू मीटिंगमध्ये सगळे खूश! मला चुकलेल्या आकड्यापेक्षा या जुळलेल्या आकड्याची धास्ती जास्त वाटते, कारण चुकलेल्याची निदान चौकशी होते.

मॉडेल असे का चुकते, ते समजून घ्या. के-एप्सिलॉनमध्ये ०.०९, १.४४, १.९२ वगैरे पाच स्थिरांक असतात. त्यांना निसर्गनियमाचा मान देऊ नका. जाळीमागे विरत जाणारी खळबळ, सपाट भिंतीलगतचा प्रवाह, अशा साध्या प्रयोगांवरून ते ठरवलेले आहेत. मोटारीची पाठ त्या प्रयोगांत कुठेच नव्हती.

मग महागडे मॉडेलच घ्यावे का? १९९७ मध्ये डीईएसची (डिटॅच्ड एडी सिम्युलेशन) कल्पना आली. भिंतीलगत सरासरीचे गणित आणि मागच्या घुसळणीत मोठे भोवरे प्रत्यक्ष सोडवायचे, असा तो मेळ. मोटारीसाठी मला हाच मार्ग पसंत आहे. पण मेश, म्हणजे गणितासाठी हवेचे पाडलेले तुकडे, बारीक लागते, वेळेच्या टप्प्यांनी हजारो पावले चालावे लागते. आणि मेश बेताची असेल तर दोन पद्धतींच्या सीमेवर नवीच चूक जन्म घेते. उद्या संध्याकाळपर्यंत बंपरच्या वीस रचनांची तुलना हवी असेल, तर हा हट्ट धरू नये. शिवाय ट्रकची गोष्ट वेगळी. त्याची पाठ उभी, कडा धारदार; हवा कुठे सुटणार ते कडेनेच ठरवलेले असते. तिथे दोन रचनांमधला फरक स्वस्त मॉडेलवर पाहायला माझी हरकत नाही. फक्त अहवालात मॉडेलचे नाव आणि मेशचा तपशील लिहा. आकड्यापुढे दशांशचिन्हानंतर चार अंक लिहून तोरा मिरवू नका.

आणि विंड टनेलचा निकाल येईल त्या दिवशी रोधाच्या रकान्याकडे आधी बघू नका. मागच्या काचेवरच्या दाबाच्या नोंदी मागा. त्या बहुधा नसतील, कारण तिथे दाब मोजायची छिद्रेच कुणी ठेवलेली नसतील. नमुना बनवणाऱ्या वर्कशॉपला ती आधी सांगावी लागतात. रंग चढल्यावर ते लोक ऐकत नाहीत.